गोरखच्या चाकातली नळी

मोटारसायकलच्या चाकाच्या आत काय असतं, हे धंद्याची पहिली काही वर्षं मलाही नीटसं ठाऊक नव्हतं. गिऱ्हाइकांनाही नव्हतं, त्यामुळं आमचं बरं जमलं.

माझं दुकान माजलगावात, मोंढ्यामागच्या गल्लीत. दुकान म्हणजे पत्र्याचं शेड आणि पुढं एक लिंबाचं झाड. पाटी रंगवणाऱ्यानं 'रशीद मिस्त्री, स्पेशालिस्ट' एवढं मोठ्या अक्षरांत लिहिलं आणि कशाचा स्पेशालिस्ट ते लिहायला पत्रा उरला नाही. मी पाटी तशीच लावली. ज्याची जी तक्रार असेल त्यानं ती पुढं जोडून घ्यावी.

माझ्या हातून घडलेल्या चुका लिहायच्या तर हा अख्खा अंक मलाच द्यावा लागेल आणि जाहिरातींना जागा उरणार नाही. म्हणून एकच सांगतो. पण त्याआधी चाकाबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर माझी चूक किती मोठी होती याची तुम्हाला कदर व्हायची नाही.

चाकाच्या मधोमध जो डबा असतो, ज्याला आऱ्या अडकवलेल्या असतात, तो हब. हबच्या दोन्ही तोंडांना एकेक बेअरिंग ठोकून बसवलेलं असतं. बेअरिंग म्हणजे एकात एक दोन रिंगा आणि त्यांच्यामध्ये पोलादी गोळ्या. त्या झिजल्या की चाक डुलायला लागतं. ओळखायची रीत सोपी आहे. गाडी उभ्या स्टँडवर घ्यायची, चाक एका बाजूला धरून हलवायचं. कट्-कट् असा आवाज आला की समजायचं, गोळ्यांचं आयुष्य संपलं.

दोन बेअरिंगांच्या मध्ये एक नळी असते. वितीपेक्षाही लहान, साधी, लोखंडी. तिला गोळ्या नाहीत, आटे नाहीत, ती फिरत नाही, तिला कुणी ग्रीसही लावत नाही. दोन भावांच्या शेतांमध्ये बांध असतो ना, तशी ती असते. मधला आस घालून नट आवळला की दोन्ही बेअरिंगं एकमेकांच्या अंगावर जाऊ पाहतात. त्यांना ती अडवते. नळी नसेल तर नट आवळताच आतल्या रिंगा आत ढकलल्या जातात, गोळ्या दाबल्या जातात आणि चाक फिरायचं बंद होतं. बांध काढल्यावर भावांचं जे होतं तेच.

बेअरिंग बसवताना बाहेरच्या रिंगेवर ठोकायचं असतं. मी कित्येक वर्षं आतल्या रिंगेवर ठोकत होतो. त्यामुळं जे बेअरिंग पाच-सहा वर्षं चालावं ते पाच-सहा महिन्यांत परत यायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, आजकाल मालच बोगस यायलाय."

मी म्हणायचो, "लई बोगस."

पुढं एका जाणत्यानं सांगितलं, हब गरम करून बेअरिंग गार करावं, म्हणजे ठोकाठोक कमी लागते. मी घरातलं पातेलं चुलीवर चढवलं, पाणी उकळलं आणि ग्रीसनं माखलेला हब त्यात सोडला. ते पाणी टँकरचं होतं. आमच्या घरात शमीम, म्हणजे माझी बायको, तांदूळ धुतलेल्या पाण्यानं भांडी विसळायची आणि त्याच पाण्यानं पुढं लिंबाचं झाड जगवायची. तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं. "क्या पकारे जी? हड्डी का सालन?" एवढंच म्हणाली. त्या दिवसापासून भाकरी झाल्यावर चुलीच्या उरलेल्या आचेवर हब ठेवायची परवानगी मिळाली. बेअरिंगं गार करायला मी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात नेत असे. तिथला एक गडी माझं गिऱ्हाईक होता. त्यानं एकदा स्वतःच चाक खोललं आणि ग्रीस संपलं म्हणून हबमध्ये लोणी भरलं. चाक बरं फिरलं, पण गाडी कुठंही लावली की मांजरं जमायची. माझ्या गिऱ्हाइकांत माझ्याहून हुशार माणसं फारशी नव्हती, याचा मला फार आधार वाटायचा.

अपवाद एक. गोरख.

गोरख मूळचा शिरूर कासारकडचा. आईबाप, भाऊ, भावजया सगळे कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला. दसऱ्यानंतर त्यांच्या घराला कुलूप लागायचं. गोरख तेवढा शिकला आणि आमच्याकडच्या सहकारी साखर कारखान्यात चिटबॉय म्हणून चिकटला. कुणाच्या उसाला कधी तोड येणार त्याची चिठ्ठी घेऊन बांधाबांधानं फिरायचं, हे चिटबॉयचं काम. बांध म्हणजे रस्ता नव्हे. दीड हाताची वाट, एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला चिखल. त्यात ज्याची चिठ्ठी मागं पडली तो शेतकरी वाटेत उभा राहून शिव्या देणार. गोरख जुन्या टू-स्ट्रोक गाडीवर, इंजिन चालू, दोन्ही पाय वर, जागच्या जागी तोल धरून त्या शिव्या शेवटपर्यंत ऐकून घ्यायचा आणि पाय न टेकवता निघून जायचा. मी विचारलं, "पाय कावून टेकवत न्हाईस बे?"

"पाय टेकवला की मानूस खांद्यावर हात ठिवतो, मिस्त्री. मग च्या प्यावा लागतो. मग चिठ्ठी द्यावी लागती."

मग ते वर्ष आलं. धरण आटलं. ऊस जळाला, जो वाचला तो जनावरांच्या चाऱ्याला गेला. यंदा बॉयलर पेटणार नाही असं कारखान्यानं जाहीर केलं. तोडच नाही तर चिठ्ठी कशाची? सगळ्या चिटबॉयांना घरी बसायला सांगितलं. एकाला मात्र ठेवायचं होतं. कारखान्यानं धरणाच्या पलीकडच्या काठाला चारा छावणी उघडली होती आणि कोरड्या पात्रातल्या दगडधोंड्यांतून रोज तिकडं जाऊन जनावरं मोजून येणारा माणूस हवा होता.

तो एक कोण? मुलाखत घेतली तर प्रत्येकाचा वशिला निघणार. पण चेअरमनसाहेब नुकतेच परदेशी अभ्यास दौऱ्यावरून आले होते. साखर बघायला गेले आणि मोटारसायकली बघून आले. तिकडं म्हणे खडकांवरून, ओंडक्यांवरून गाडी चालवायची शर्यत असते. वेगाला किंमत नाही, पाय टेकला की गुण गेला. त्याला ट्रायल म्हणतात. साहेबांनी ठरवलं, आपणही धरणाच्या पात्रात ट्रायल घेऊ. जो पाय न टेकवता पार जाईल तो छावणीवर.

गोरख दुसऱ्याच दिवशी गाडी ढकलत माझ्याकडं आला. तोंड उतरलेलं.

"मिस्त्री, मुकादम घरी येऊन बसायलाय. म्हंतो, नवरा-बायको दोघं बाहेरच्या कारखान्याला तोडीला चला, एक कोयता कमी पडायलाय. म्या सांगितलं, ट्रायल होऊ द्या, मग बोलू." मग चाकाकडं बोट करून म्हणाला, "पोरगी हितं साळंत हाय. ह्या चाकावर हाय समदं. तेवढं चाक बगा."

मी मागचं चाक धरून हलवलं. कट्-कट्. ट्रायलसाठी त्यानं गाडीचे मडगार्ड काढून टाकले होते, टायरातली हवा कमी केली होती, मागं साखळीची मोठी चकती घातली होती. गाडी सोललेल्या कोंबडीसारखी दिसत होती. पण हबमध्ये धरणाचा गाळ जाऊन बेअरिंगांचा भुगा झाला होता.

मी कामाला लागलो आणि, खोटं कशाला बोलू, माझ्या आयुष्यात इतकं नेटकं काम मी आधी केलं नव्हतं. बाहेरच्या रिंगेवर ठोकायचं, हे स्वतःला मोठ्यानं बजावत होतो. जुनी बेअरिंगं काढली, हब पुसून लखलखीत केला, सगळे सुटे भाग ताटलीत मांडले. हब चुलीवर ठेवला. आणि तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी टँकरचा हॉर्न वाजला.

दुष्काळात टँकरचा हॉर्न ऐकून जो माणूस जागेवर बसून राहतो तो एकतर मेलेला असतो किंवा पुढारी. आमच्या गल्लीत टँकर शिरत नसे. म्हणून सगळ्यांनी मिळून एक लांब रबरी पाईप घेतला होता. टँकरपासून गल्लीतल्या पिंपांपर्यंत तो ओढायचा. त्या दिवशी कुणाच्या तरी बैलगाडीचं चाक त्यावरून गेलं आणि पाईप मधोमध फाटला. पाणी रस्त्यावर, बायका ओरडतायत, टँकरवाला म्हणतोय मी चाललो. अशा वेळी मिस्त्रीकडं सगळे बघतात. मी दुकानात धावलो, हाताला लागेल ती नळी उचलली, पाईपचा फाटका भाग कापून दोन्ही तोंडं तिच्यावर चढवली, वरून ट्यूबच्या पट्ट्या आवळल्या. एक थेंब गळेना. गल्लीनं मला जी शाबासकी दिली तशी पुन्हा कधी मिळाली नाही.

परत येऊन, छाती फुगवून, मी गरम हबमध्ये गार बेअरिंगं बसवली. ताटली रिकामी झाली. ताटली रिकामी म्हणजे काम पुरं, असा माझा हिशेब. चाक चढवलं, नट आवळला, चाक फिरेना. मी म्हणालो, नवीन बेअरिंग आहे, जरा अंग धरतंय. नट थोडा ढिला केला, चाक भिंगरीसारखं फिरलं. गोरख माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला वाकू दिलं.

ट्रायलच्या दिवशी सकाळी टँकर पुन्हा आला. मी लिंबाखाली उभा राहून शेजाऱ्याला माझा जोड दाखवत होतो. "बघा, टिपूस न्हाई. कशी फिट बसलीय. जनू मापानं केलीय."

मापानं केलेलीच होती. हबच्या मापानं.

मी तसाच पुढं झालो आणि वाहत्या पाईपचा जोड सोडायला लागलो. बायकांनी जो आरडाओरडा केला तो इथं लिहिण्यासारखा नाही. एकीनं घागर उचलली, भरायला नव्हे. शमीम पदर खोचून आली.

"क्या कर रे जी? पागल हुए क्या?"

"गोरखच्या चाकातली नळी हाय ही! तिकडं त्याची ट्रायल सुरू झाली आसंल."

शमीमनं माझ्याकडं एकदा पाहिलं. मग घरात गेली, चुलीची लोखंडी फुकणी घेऊन आली, माझी नळी उपसून माझ्या हातात दिली आणि पाईपची दोन्ही तोंडं फुकणीवर चढवली. पाणी पुन्हा सुरू. सगळं मिळून तुम्हाला हे वाक्य वाचायला लागला तेवढा वेळ.

मी म्हणालो, "हे त्या दिवशी सांगायचं ना."

"मेरेकू पूछे क्या?"

ओली नळी खिशात, पाना कमरेला, मी मोपेडवर धरणाकडं सुटलो. मनाशी म्हणत होतो, नट ढिला आहे तोवर चाक फिरत राहील. हे माझ्या डोक्यात आलंच नाही, की गोरख हा व्यवस्थित माणूस. सकाळी नट ढिला दिसल्यावर त्यानं आपणहून तो, चाक जेमतेम फिरेल इतका, आवळला होता.

धरणाच्या पात्रात जत्रा भरली होती. पाणी गेल्यामुळं तळातलं जुनं गाव उघडं पडलं होतं. घरांची जोती, गुडघ्याएवढ्या, कंबरेएवढ्या दगडी भिंती, पायऱ्या, उखळं. त्या गावातून हलवलेली माणसं ट्रायल बघायला आली आणि ट्रायल विसरून आपापल्या घरात जाऊन उभी राहिली. कुणी म्हणे हा माझा गोठा, कुणी म्हणे गोठा तुझा पण भिंत माझी. इतकी वर्षं पाण्याखाली राहूनही भिंतीचं भांडण ओलं होतं.

शेतकी अधिकाऱ्यांनी फक्की टाकून ट्रायलची वाट आखली होती. ती गयाबाईच्या स्वयंपाकघरातून जात होती. गयाबाई सत्तरीच्या. झाडू घेऊन पहाटेच आल्या होत्या, गाळ लोटून चुलीची जागा मोकळी केली होती आणि तिथंच उभ्या होत्या. आधीचे दोन गडी त्यांच्या शिव्या खाऊन चुलीवरून गाडी घालून गेले होते. एकाचा पाय टेकला होता. दुसरा, अशोक नावाचा, पाय न टेकवता पार झाला होता. आता गोरख आला.

"थांब बे!" गयाबाईंनी झाडू आडवा धरला. "चूल हाय हितं. चपला घालून कुनी आलं न्हाई कंदी, तू फटफटी घालतोस?"

गोरख थांबला. इंजिन चालू, दोन्ही पाय वर, जागच्या जागी. हे तर त्याचं रोजचंच काम.

"आज्जी, फक्की हितूनच हाय. म्या काय करू?"

"मागच्या दारानं जा की. दार हाय मागं."

मागचं दार होतं, तेही फक्कीच्या दोन रेघांच्या आतच होतं, पण पायऱ्या मांडीएवढ्या उंच होत्या. गोरखनं चुलीकडं पाहिलं, पायऱ्यांकडं पाहिलं. "बरं आज्जी," म्हणाला आणि गाडी वळवली. पहिली पायरी चढला. दुसरी चढला. आणि तिसऱ्या पायरीवर तापलेल्या बेअरिंगांनी जीव सोडला. मागचं चाक जाम. गाडी कलली आणि दाराच्या दगडी चौकटीला टेकून राहिली. गोरखचे दोन्ही पाय अजून वर.

मी पोचलो तो नेमका या वेळी. "गोरख, उतरू नको!"

"उतरू कसा? नोकरी जाईल! मिस्त्री, चाकाला झालं काय?"

मी खिशातून नळी काढून दाखवली. त्यानं तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं त्याला शिवी हा शब्द कमी पडतो. पण पाय त्यानं टेकवला नाही.

मी पायरीवर आडवा पडलो आणि पान्यानं नट दोन वेढे ढिला केला. चाक सुटलं. गोरखनं हातानं चौकटीला रेटा दिला, क्लच सोडला आणि डुलत्या चाकावर, दारू प्यालेल्या उंटासारखा, शेवटच्या निशाणापर्यंत गेला. पाय वरच. सगळं गाव आपापल्या जोत्यावर उभं राहून ओरडत होतं.

शेतकी अधिकारी पुढं आले. "साहेब, हरकत आहे. बाहेरच्या माणसानं पाना लावला."

आता आमच्या कारखान्याची एक रीत सांगायला हवी. वार्षिक सभेत चेअरमनसाहेब ठराव वाचायला लागले, की पहिल्या ओळीतच सभासद "मंजूर, मंजूर" म्हणतात. ठराव कशाचा आहे हे घरी जाऊन पेपरात वाचतात. साहेबांच्या वडिलांच्या वेळेपासून कारखाना असाच चालत आला होता. सवयीनं साहेबांनी कर्णा तोंडाला लावला. "सभासद बंधूंनो, मिस्त्रीची मदत घेतल्यामुळे गोरख यांना बाद..."

"मंजूर! मंजूर!" अख्खं पात्र दुमदुमलं.

मग आपण काय मंजूर केलं हे लोकांना एकेक करून कळत गेलं. साहेबांनाही. मघाशी गोरखसाठी टोप्या उडवणाऱ्यांनीच त्याला बाद केलं होतं. अशोकला हार घातला. गोरख गाडीशेजारी उभा होता आणि आता मात्र त्याचे दोन्ही पाय जमिनीवर होते. गर्दीत मागं त्याचा मुकादम तंबाखू मळत होता. मी त्याला बघितलं आणि खिशातली नळी पाण्यात फेकून द्यावीशी वाटली, पण धरणात पाणी नव्हतं.

तेवढ्यात गयाबाई झाडू घेऊन चालत आल्या.

"साहेब, मलाबी ठराव मांडायचाय."

"मावशी, ही सभा नाही."

"मग आत्ता मंजूर कशाला घेतलं?"

लोक हसले. साहेब म्हणाले, "तुम्ही सभासद आहात का?"

"त्या चुलीपाशी बसून तुमच्या वडलानं माझ्याकडनं शेअरचं पैसं घेतल्यात. च्या पिऊन. कारखाना झाला, धरन झालं, चूल पान्यात गेली. म्या कंदी तोंड उगाडलं न्हाई, दरसाली मंजूर म्हनले. आज मांडू द्या." आणि कर्ण्याची वाट न बघता त्या गर्दीकडं वळल्या. "अशोकला हार घातला, तो त्यानं ठिवावा. पर ज्या पोरानं म्हातारीच्या चुलीवरनं गाडी घातली न्हाई, त्याला छावनीवर..."

"मंजूर!"

पुढचं कुणी ऐकलंच नाही. साहेबांनी कर्णा खाली घेतला. इतकी वर्षं ज्या आवाजावर कारखाना चालवला तो आवाज आज उलटा आला होता आणि त्याला नाही म्हणायचं तर मागचे सगळे ठराव उकरावे लागले असते. साहेब हुशार. ते हसले. "दोघांनाही ठेवू. जनावरं पुष्कळ आहेत." मुकादमानं तंबाखू तोंडात टाकली आणि उठला.

गोरख माझ्याजवळ आला. मला वाटलं, आता गळ्यात पडेल. त्यानं हात पुढं केला.

"नळी द्या."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नवी बेअरिंगं घातली. गोरख टूलबॉक्सवर बसून होता, नळी त्याच्या मुठीत. पहिलं बेअरिंग बसलं, मी हात पुढं केला, तेव्हा त्यानं ती दिली, आणि ती हबमध्ये जाताना स्वतः वाकून बघितली. मग म्हणाला, "आता ठोका."

यानंतर बॉयलर पुन्हा पेटला, धरण भरलं, जुनं गाव पाण्याखाली गेलं. गोरख कारखान्यातून निवृत्त झाला, मी दुकान पुतण्याच्या हवाली केलं. लिंबाखाली खुर्ची टाकून मी आता फक्त सल्ले देतो, तेही चुकीचे. मागच्या महिन्यात गोरख नातवाची गाडी घेऊन आला. गाडी नवीकोरी, चाकं चांदीसारखी, पण मागनं तोच जुना आवाज, कट्-कट्. पुतण्यानं चाक खोललं. गोरखनं हात घालून नळी उचलली आणि माझ्या शेजारी येऊन बसला.

मी म्हणालो, "आरं, आता मी न्हाई करत काम. पोरगा हुशार हाय."

"हाय ना," गोरख म्हणाला. "पर टँकरचा टायम झालाय."

शमीम चहा घेऊन आली. तिनं त्याच्या मिटलेल्या मुठीकडं पाहिलं आणि कपबशी त्याच्या दुसऱ्या हातात दिली.